धाडसाला इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं?

माझ्या भाचीला गिर्यारोहणाच्या प्राथमिक कोर्सला जायचं होतं. ऑनलाइन फॉर्म इंग्रजीत होता आणि त्यात एक रकाना होता: स्वतःचं वर्णन तीन-चार वाक्यांत करा. तिने ते लिहिलं आणि पाठवण्याआधी मला दाखवलं. पहिलंच वाक्य असं होतं: "आय ॲम अ रेकलेस, फूलहार्डी ॲण्ड ऑडेशस गर्ल."

मी लगेच फोन लावला. "अगं, हे काय लिहिलंयस?"

"का? धाडसी असं लिहिलंय. 'ब्रेव्ह' काय सगळेच लिहितात, म्हणून जरा वेगळे शब्द शोधले. समानार्थी आहेत मामा सगळे, यादीत बघून घेतलेत."

यादी खोटी नव्हती. या तिन्ही शब्दांच्या आसपास कोशात 'धाडसी' कुठेतरी सापडतोच. पण वाचणाऱ्याच्या जागी बसून बघा. कड्यावर दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणाला बांधायचं हे ज्याला ठरवायचंय, तो प्रशिक्षक हे वाक्य वाचतोय. त्याच्या कानाला ते असं लागतं: "मी बेदरकार आहे, मूर्खासारखा जीव धोक्यात घालते आणि वर तोंड करून तसं सांगतेही." फॉर्म तिथेच बाजूला पडला असता.

धाडस आणि थरार या मुलखातल्या इंग्रजी शब्दांची खरी गोम हीच आहे. त्यांतला जवळजवळ प्रत्येक शब्द कृतीचं वर्णन करता करता तिच्यावर निकालही देऊन मोकळा होतो. नदीत मारलेली उडी तीच. बुडणाऱ्याला वाचवायला मारली तर 'ब्रेव्ह'. पाणी किती खोल आहे हे न बघता मारली तर 'रेकलेस'. खाली खडक आहेत, उडी मारू नकोस असं चार जणांनी बजावल्यावरही मारली तर 'फूलहार्डी'. पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत मारून पलीकडे निसटला तर 'ऑडेशस'. म्हणजे शब्द निवडताना आपण त्या माणसाच्या बाजूने किंवा विरुद्ध मत देत असतो, आणि यादीवरून शब्द उचलणाऱ्याला आपण मत दिलंय याचा पत्ताच नसतो.

आधी मराठी शब्द नेमका करा

माझा अनुभव असा की गडबड इंग्रजीत होत नाही, त्याच्या आधीच झालेली असते. मनात 'धाडसी' हा एकच ढोबळ शब्द घेऊन आपण कोश उघडतो. मग कोश तरी काय करणार? तो दहा शब्द पुढे टाकतो.

खरं तर मराठीत आपण इतके ढोबळ नसतो. धीट मूल आणि आगाऊ मूल यांतला फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही. संपादक निर्भीड असतो, सैनिक शूर असतो, ट्रकवाला बेदरकार असतो. जरा अदलाबदल करून बघा: 'शूर संपादक', 'निर्भीड ट्रकवाला'. हसूच येईल. हा कान आपल्याकडे आहेच, फक्त इंग्रजीकडे वळताना तो आपण दाराबाहेर काढून ठेवतो. 'बेदरकार' असं आधी मराठीत ठरलं की 'रेकलेस' आपोआप हाताशी येतो. 'जिगरबाज' म्हणायचं असेल तर 'गट्सी'. 'उतावळा' असेल तर 'रॅश' किंवा 'इम्पेच्युअस'. संकटापुढे 'न डगमगणारा' असेल तर 'अनडॉन्टेड'. 'निर्भीड' बोलणाऱ्यासाठी 'आउटस्पोकन' पुष्कळदा 'फिअरलेस'पेक्षा जवळचा पडतो.

'बेदरकार' आणि 'रेकलेस' ही जोडी तर बघण्यासारखी आहे. दरकार म्हणजे पर्वा, ती नसलेला तो बे-दरकार. 'रेक' हाही पर्वा या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द, आता एकट्याने कुठे फारसा भेटत नाही. त्याला 'लेस' लागून झाला 'रेकलेस'. दोन्ही भाषांनी अगदी एकाच मापाने कापलेलं कापड. या शब्दाच्या सुरुवातीला डब्ल्यू लावायची चूक इंग्रजी मातृभाषा असलेलेही करतात. तसं लिहिलं की उच्चार तोच राहतो, पण अर्थ 'ज्यात मोडतोड होत नाही तो' असा होऊन बसतो. बेदरकार चालकासाठी इतकं शुभ विशेषण दुसरं सापडायचं नाही.

आपला 'साहस' हा शब्दही वाटतो तितका साधा नाही. आज 'साहसी खेळ' म्हटलं की तो स्वच्छ, कौतुकाचा वाटतो. पण घरातलं वडीलधारं माणूस "भलतं साहस करू नकोस" म्हणतं, त्यात शब्दाचा जुना अर्थ अजून जिवंत आहे. सहस् म्हणजे बळ. धर्मशास्त्रात न्यायनिवाड्याचे जे १८ विषय सांगितले आहेत, त्यांतला एक 'साहस' आहे आणि तिथे त्याचा अर्थ बळजोरीने केलेला गुन्हा. गुन्ह्यापासून अविचारापर्यंत आणि अविचारापासून शौर्यपदकापर्यंत हा शब्द चालत आला. 'पराक्रम'चं बरोबर उलट झालं. मूळ शब्द गौरवाचा, पण फुटलेल्या काचेकडे बघून आई "काय पराक्रम केलास?" म्हणते तेव्हा तो चांगलाच बोचतो. इंग्रजीत हेच काम 'हिरॉइक्स' करतो. 'हिरोइक' म्हणजे वीराला शोभेल असं. तोच शब्द 'हिरॉइक्स' झाला की नको तिथे केलेली मर्दुमकी. बॉसने "नो हिरॉइक्स, प्लीज" म्हटलं तर तो तुमचं कौतुक करत नाहीये.

'ॲडव्हेंचर' आधी आपल्यावर येऊन आदळायचं

आज ॲडव्हेंचरला आपण पैसे भरून जातो. शब्द जन्मला तेव्हा उलटं होतं, ॲडव्हेंचर आपल्याकडे यायचं. लॅटिनमध्ये त्याचं मूळ 'येणे' या क्रियापदात आहे. जे येऊ घातलंय, ओढवणार आहे, ते. फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्यात 'ड'सुद्धा नव्हता आणि अर्थ होता योगायोग, नशिबात असेल ते. 'ड' नंतर लॅटिन जाणणाऱ्या पंडितांनी परत घुसवला.

नशिबावरून तो जोखमीवर आला आणि जोखमीवरून सरळ पैशावर. लंडनमधल्या व्यापाऱ्यांच्या एका मंडळाला १४०७ साली राजाची सनद मिळाली, त्यांचं नाव 'मर्चंट ॲडव्हेंचरर्स'. कॅनडातल्या फरच्या व्यापारासाठी १६७० साली निघालेल्या हडसन्स बे कंपनीच्या अधिकृत नावातही 'कंपनी ऑफ ॲडव्हेंचरर्स' असे शब्द होते. हे लोक कड्याला लटकत नव्हते. जहाज परत येईल की नाही याची खात्री नसताना त्यात भांडवल घालत होते, एवढंच त्यांचं ॲडव्हेंचर. 'व्हेंचर' हे त्याच शब्दाचं शेंडी कापलेलं रूप. त्यामुळे स्टार्टअपवाले 'व्हेंचर कॅपिटल' म्हणतात तेव्हा ते, बहुधा नकळत, शब्द त्याच्या जुन्या अर्थाने वापरत असतात. हवेत तरंगणारा पॅराग्लायडर त्या मानाने नवशिका.

या वंशातली मंडळी सगळी सरळ नाहीत. 'ॲडव्हेंचरर' म्हणजे साहसवीरही आणि दुसऱ्याच्या जिवावर नशीब काढायला निघालेला भामटाही. वाक्य बघून ठरवायचं. राजकारणात 'ॲडव्हेंचरिझम' हा कायम ठपकाच असतो: पुढचामागचा विचार न करता सैन्य पाठवणं, सरकार पाडायला जाणं. आणि इंग्लंडमध्ये अचानक झालेल्या मृत्यूची कॉरोनरमार्फत चौकशी होते, तिथे 'डेथ बाय मिसॲडव्हेंचर' असा एक निष्कर्ष असतो. माणसाने स्वतःहून, कायद्यात बसणारंच काहीतरी धोक्याचं केलं आणि ते अंगाशी आलं, असा त्याचा साधारण रोख. 'अंगाशी येणं' हा वाक्प्रचार इथे इतका चपखल बसतो की कॉरोनरला मराठी यायला हवं होतं असं वाटतं.

धोक्याच्या शब्दांपाशी मात्र आपली एक ठरलेली चूक होते. मराठीत 'डेंजर' हे विशेषण झालंय. "तो माणूस डेंजर आहे", "पेपर डेंजर होता". इंग्रजीत 'डेंजर' हे नाम आहे आणि 'इन डेंजर' असण्याचा अर्थ 'डेंजरस' असण्याच्या नेमका उलट होऊ शकतो. "द टायगर इज डेंजरस" म्हटलं तर आपण पळायचं. "द टायगर इज इन डेंजर" म्हटलं तर वाघाला वाचवायला धावायचं. 'रिस्क' आपण घेतो, 'डेंजर'मध्ये आपण सापडतो, 'हॅझर्ड' पिवळ्या पाटीवर लिहिलेला असतो (मुळात ते फाशांच्या एका जुगाराचं नाव), आणि 'पेरिल' आता धमकीत किंवा पुस्तकी भाषेतच उरला आहे.

काळीज, आतडी आणि पाठीचा कणा

धैर्य शरीरात नक्की कुठे राहतं याबद्दल भाषांचं एकमत नाही. मराठीने ते छातीत ठेवलं. छाती होते, छाती ठोकून सांगतात. काळीज वाघाचं असतं किंवा सशाचं. 'जिगर' हा फारसीतून आलेला शब्द मुळात यकृताचा. इंग्रजीचा 'करेज'ही हृदयातलाच. लॅटिनमध्ये हृदयाला 'कोर' म्हणत, त्यावरून तो आला. 'एन्करेज' म्हणजे काळजात बळ भरणं आणि 'डिस्करेज' म्हणजे तेच काढून घेणं.

पण रोजच्या बोलण्यात इंग्रजी माणूस हृदयापाशी थांबत नाही, तो सरळ पोटात उतरतो. 'गट्स' म्हणजे आतडी. "गट्स लागतात" हे आपणही बिनदिक्कत म्हणतो. मराठीतलं "त्याच्यात डेअरिंग आहे" जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की ऐकणारा क्षणभर अडखळतो, कारण तिथे 'डेअरिंग' बहुतेक वेळा विशेषण म्हणून येतो. 'डेअरिंग प्लॅन', 'डेअरिंग रेस्क्यू' चालेल. माणसाबद्दल "ही हॅज गट्स" म्हणा, काम झालं. 'गट्स'च्या शेजारीच एक सापळा आहे. 'गट्सी' म्हणजे जिगरबाज, पण ब्रिटनमध्ये "आय ॲम गटेड" म्हणजे मी पार खचलोय, साफ निराश झालोय. मासा साफ करताना त्याची आतडी काढून टाकतात, त्याला इंग्रजीत हाच शब्द. अंतिम सामना हरलेला खेळाडू 'गटेड' असतो, भले तो कितीही 'गट्सी' खेळलेला असो.

माझा या घरातला सगळ्यात लाडका शब्द 'प्लक'. कापलेल्या जनावराचं हृदय, यकृत आणि फुप्फुसं एकत्र ओढून काढतात, त्या गुच्छाला खाटकाच्या भाषेत 'प्लक' म्हणत. तिथून १८व्या शतकाच्या अखेरीस तो हिमतीसाठी वापरात आला. गंमत अशी की 'प्लकी' हे विशेषण बलाढ्य माणसाला कधी लागत नाही. ते किरकोळ अंगाच्या, हरण्याची शक्यता जास्त असलेल्या, तरी हटून उभ्या राहिलेल्या माणसाला लागतं. पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत उतरलेला छोटा संघ 'प्लकी' असतो, जगज्जेता कधीच नसतो. शब्दात कौतुक आहे, पण ते वरून खाली बघून केलेलं आहे. साहेबाला 'प्लकी' म्हणू नये.

'नर्व्ह'ची तऱ्हाच निराळी. "शी केप्ट हर नर्व्ह" म्हणजे ती डगमगली नाही. "ही लॉस्ट हिज नर्व्ह" म्हणजे ऐन वेळी त्याचं अवसान गळालं. इथवर ठीक. पण "व्हॉट अ नर्व्ह!" म्हणजे "काय निर्लज्जपणा!" आणि 'नर्व्ही' हा शब्द ब्रिटनमध्ये घाबरट माणसाला लागतो तर अमेरिकेत उद्धटाला. उद्धटपणासाठी शरीरातल्या इतर जागाही राखीव आहेत: गालासाठीचा 'चीक' हा लाडिक आगाऊपणा, तर पित्तासाठीचा 'गॉल' म्हणजे संताप आणणारी मुजोरी. मुलगा 'चीकी' असतो. पैसे बुडवून वर पुन्हा उधार मागणाऱ्याकडे 'गॉल' असतो. भित्र्याला 'स्पाइनलेस' म्हणतात, त्यात समजवायचं काही नाही. आपल्याकडेही कणा नसलेली माणसं पुष्कळ.

'ब्रेव्ह' म्हटल्यावर मी का खूष झालो

काही वर्षांपूर्वी मी एका इंग्रज सहकाऱ्यासमोर एका कामाचा आराखडा मांडला. मोठा होता, वेळ कमी होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दॅट्स अ व्हेरी ब्रेव्ह प्लॅन." मी दिवसभर हवेत. पुढच्या बैठकीत आराखडा कुणी विचारातसुद्धा घेतला नाही. नंतर दुसऱ्या एकाने मला समजावलं की ब्रिटिश ऑफिसात योजनेला 'ब्रेव्ह' म्हणणं म्हणजे "हे बुडणार हे मला दिसतंय, पण तुमच्या तोंडावर कसं सांगू" असं म्हणणं. माणसाला 'ब्रेव्ह' म्हटलं तर तो गौरव. योजनेला, निर्णयाला किंवा कपड्यांना म्हटलं तर जपून.

'व्हॅलियंट'चंही असंच आहे. 'व्हॅलर' हा पदकांवरचा शब्द. १८५६ साली सुरू झालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या दर्शनी बाजूला 'फॉर व्हॅलर' अशी अक्षरं असतात. पण 'अ व्हॅलियंट एफर्ट' असं कुणी लिहिलं की समजावं, प्रयत्न फसला. जिंकणाऱ्याच्या प्रयत्नाला 'व्हॅलियंट' म्हणायची गरज सहसा पडत नाही. 'गॅलंट' दोन घरचा पाहुणा: युद्धातलं शौर्य तेही 'गॅलंट्री' आणि स्त्रियांशी दाखवलेली अदबही 'गॅलंट्री'.

आता 'बोल्ड'. मराठीत हा शब्द बिचारा सिनेमाच्या पानावर अडकून पडलाय. 'बोल्ड सीन', 'बोल्ड फोटोशूट'. आपल्याकडे तो जवळजवळ कमी कपड्यांचं मोजमाप झालाय. शिवाय दांड्या उडाल्यावरही आपण 'बोल्ड' म्हणतो, तो तर वेगळाच शब्द, 'बोल' म्हणजे चेंडू टाकणे यापासूनचा. इंग्रजीतही दोघांचा उच्चार सारखाच, म्हणून आपण एकटेच गोंधळत नाही. खरा 'बोल्ड' हा धाडसाच्या शब्दांतला सर्वांत कामाचा आणि तुलनेने सुरक्षित शब्द आहे. त्यात जिवाचा धोका असण्याची गरज नाही. लोक काय म्हणतील याची पर्वा न करता, ठसठशीतपणे काहीतरी करणं पुरेसं. म्हणून निर्णय 'बोल्ड' असतो, रंग 'बोल्ड' असतो, जाड अक्षर 'बोल्ड' असतं. बुडत्याला वाचवणारा मात्र 'बोल्ड' नसतो, 'ब्रेव्ह' असतो. कारण 'ब्रेव्ह'मध्ये भीती गृहीत धरलेली असते आणि 'बोल्ड'मध्ये संकोच नसणं. आयर्लंडमध्ये गेलात तर एक जास्तीची सूचना: तिथे 'बोल्ड' मूल म्हणजे वात्रट कार्टं.

'ऑडेशस' या दोन्हींच्या पुढे जातो. ज्याचं नुसतं वर्णन ऐकून "बापरे, असं करायची कुणाची हिंमत झाली?" असं तोंडून निघतं, ते 'ऑडेशस'. दिवसाढवळ्या घातलेला दरोडा 'ऑडेशस' असतो आणि संगीतातला अचाट प्रयोगही. मराठीतला 'अचाट' त्याच्या बराच जवळ जातो. पण 'ऑडॅसिटी' हे नाम आलं की पारडं बहुधा निंदेकडे झुकतं: "ही हॅड द ऑडॅसिटी टु आस्क." त्याची एवढी मजाल! भाचीने स्वतःलाच 'ऑडेशस' म्हटलं होतं. हा शब्द दुसऱ्यांनी आपल्याबद्दल म्हणायचा असतो.

'इंट्रेपिड' जरा पुस्तकी आहे. न थरथरणारा, असा त्याचा मूळ अर्थ. थरथर दाखवणारा 'ट्रेपिडेशन' त्याच कुळातला. आजकाल तो थट्टेत जास्त चालतो. पावसात छत्री उलटी झालेल्या बातमीदाराला सहकारी 'अवर इंट्रेपिड रिपोर्टर' म्हणतात. 'फूलहार्डी'चं पोट फोडलं की अर्थ बाहेरच पडतो: 'फूल' म्हणजे मूर्ख, आणि 'हार्डी'चा जुना अर्थ धीट. 'हार्डी' एकटा असला तर आज तो चिवट, काटक. थंडीवाऱ्यात तग धरणारं झाड 'हार्डी'. आणि 'डच करेज' म्हणजे दारू पोटात गेल्यावर येणारं शौर्य. १७व्या शतकात इंग्रज आणि डच समुद्रावर एकमेकांशी लढत होते, तेव्हा शत्रूच्या नावाने असे बरेच शब्द इंग्रजीत तयार झाले. अर्थात हे बिरुद डच माणसासमोर वापरायला वेगळं 'डच करेज' लागेल.

थराराचे शब्द

एका कंपनीचं इंग्रजी निवेदन मराठीत आणून ते तपासायला माझ्याकडे आलं होतं. पहिलीच ओळ: "नवीन सेवा सुरू करताना आम्ही अत्यंत उत्तेजित आहोत." अनुवादकाने 'एक्सायटेड'चं कोशातलं रूप प्रामाणिकपणे उतरवलं होतं. भौतिकशास्त्रात इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेला गेला की अणू 'उत्तेजित अवस्थेत' असतो, तिथे शब्द एकदम बरोबर. सबंध संचालक मंडळ त्या अवस्थेत असणं बरं दिसत नाही. मी "आनंद होत आहे" करून दिलं. फ्रेंच माणसाला हाच त्रास दुसऱ्या बाजूने होतो. त्याच्या भाषेतला जुळा शब्द आपल्या 'उत्तेजित'सारखाच वागतो, त्यामुळे इंग्रजांचं उठसूट 'एक्सायटेड' असणं त्याला सुरुवातीला दचकवतं.

'एक्सायटेड' आणि 'एक्सायटिंग' यांत घोटाळा करणारे तर घराघरात आहेत. "आय ॲम व्हेरी एक्सायटिंग" म्हणजे "मी फार रोमांचक आहे". याची किल्ली मराठीतच आहे. रोमांचक आणि रोमांचित. 'क' लागला तो रोमांच आणणारा, 'इत' लागला तो रोमांच आलेला. 'एक्सायटिंग' हा 'क'वाला आणि 'एक्सायटेड' हा 'इत'वाला. प्रवास रोमांचक, प्रवासी रोमांचित. 'थ्रिलिंग' आणि 'थ्रिल्ड', 'टेरिफाइंग' आणि 'टेरिफाइड', सगळे याच चावीने उघडतात.

'थ्रिल' ऐकून मराठी माणसाला 'थरार' आठवतो, पण तो निव्वळ आवाजाचा योगायोग. 'थ्रिल'चा जुना अर्थ भोक पाडणे, आरपार जाणे. त्याच धातूचं दुसरं लेकरू इंग्रजीतल्या नाकपुडीच्या शब्दात लपलंय: 'नॉस्ट्रिल' म्हणजे मुळात नाकाचं भोक. थंडगार काहीतरी अंगातून आरपार जातं, ते 'थ्रिल'. 'ऑन टेंटरहुक्स' हा वाक्प्रचार बघा. लोकरीचं ओलं कापड आक्रसू नये म्हणून लाकडी चौकटीला आकड्यांनी ताणून लावत, ते आकडे म्हणजे 'टेंटरहुक्स'. निकालाची वाट बघताना आपला जीव टांगणीला लागतो, तेव्हा इंग्रजाचा आकड्यांना लागतो. 'एन्थुझिॲझम' मूळचा ग्रीक, अर्थ 'आत देव शिरलेला'. आपण ज्याला अंगात येणं म्हणतो तेच. १७व्या-१८व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये तो शिवीसारखाच वापरत, धर्माच्या नावाने भडकलेल्या माणसाबद्दल. आज नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत तो मागतात.

पण मला स्वतःला सगळ्यात हलवून गेलेली जोडी वेगळीच आहे: इंग्रजीतला 'हॉरर' आणि आपला 'हर्ष'. दोघांचा धातू एकच, अर्थ केस उभे राहणे. लॅटिनने अंगावर काटा आलेला बघून त्यात भीती वाचली, संस्कृतने आनंद वाचला. 'रोमहर्षक' या शब्दात तो जुना अर्थ अजून उघडा दिसतो, रोम म्हणजे अंगावरचे केस. शरीराला दोन्हींत फारसा फरक कळतच नाही. छाती धडधडते, तळहात ओले होतात, पोटात कालवाकालव होते (इंग्रजीत तिथे फुलपाखरं उडतात). नाव काय द्यायचं ते आपण ठरवतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच तपासलं होतं. गाणं म्हणण्याआधी किंवा भाषणाआधी घाबरलेल्या लोकांपैकी काहींना "मी शांत आहे" म्हणायला लावलं आणि काहींना "आय ॲम एक्सायटेड". दुसऱ्या गटाचं काम जास्त चांगलं झालं. घाबरलेल्याला शांत व्हायला सांगणं म्हणजे पळत्या गाडीला एकदम ब्रेक मारणं, त्यापेक्षा धडधडीचं नुसतं नाव बदलणं सोपं पडतं. 'टेरिफिक'चं भाषेत तेच झालं. तो आधी भयंकर होता, आता झकास आहे.

हे सगळं भाचीला एका फोनवर सांगितलं असं नाही, ती ऐकूनही घेत नाही इतकं. तिला एवढंच विचारलं, "कड्यावर तू खरी कशी असतेस?"

जरा थांबून म्हणाली, "भीती वाटते रे. पण हातपाय गारठत नाहीत. आणि सर नको म्हणाले तर मी जात नाही."

मग लिहायला काही उरलंच नव्हतं. भीती वाटूनही डोकं जागेवर ठेवते, याला 'आय कीप माय नर्व्ह'. नवीन काही करून बघायला तयार असते, याला 'ॲडव्हेंचरस'. सरांचं ऐकते, याला 'बट नॉट रेकलेस'. तिने नवी वाक्यं लिहिली. त्यात तिने यादीतून उचललेल्या तीन शब्दांपैकी एक राहिला, तोही 'नॉट' लावून.

तीन आठवड्यांनी निवडीचं पत्र आलं. "वुई आर थ्रिल्ड टु इन्फॉर्म यू," अशी सुरुवात. तिचा पुन्हा फोन. "मामा, माझ्या एका फॉर्मने त्यांना थ्रिल कसलं आलं?"

सांगितलं की पत्रातलं 'थ्रिल्ड' काही आरपार जात नाही. नोटांसारखे शब्दही महागाईत हलके होतात. पूर्वी 'प्लीज्ड'वर भागायचं, मग 'डिलाइटेड' लागायला लागलं, आता 'थ्रिल्ड'. उत्तरात 'डिलाइटेड टु ॲक्सेप्ट' लिही, पुरे. तिने आधी 'स्टोक्ड' लिहिलं होतं. हा भट्टीत कोळसा ढकलण्यावरून आलेला, समुद्राच्या लाटांवर स्वार होणाऱ्या पोरांचा शब्द. तो मित्रांच्या ग्रुपवर टाक म्हटलं. पत्रात तिने तो खोडला, ग्रुपवर मात्र चार उद्गारचिन्हं जोडून पाठवला.